विश्वास कोणावर आणि कितपत ठेवावा?

कोणी 'माझ्यावर विश्वास ठेवा' असे म्हटले की मराठी घरातील एखादे वडीलधारे माणूस हसून म्हणते, 'विश्वास तर पानिपतावरच गेला!' १४ जानेवारी १७६१ रोजी नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव पानिपतावर पडले, त्यावरची ही जुनी कोटी. कोटी म्हणून ती ठीक आहे; परंतु आम्हां ग्वाल्हेरकरांना ती पुरती मान्य होण्यासारखी नाही. कारण त्याच रणातून महादजी शिंदे पायाला जबर जखम घेऊन निघाले, आणि त्यांना वाचवले ते राणेखान नावाच्या एका भिस्त्याने. आपल्या बैलावर घालून त्याने महादजींना सुरक्षित स्थळी पोहोचवले. महादजी त्याला 'भाई' म्हणू लागले. पुढे सत्तावीस वर्षांनी, १७८८ साली, गुलाम कादिराच्या हातून दिल्ली सोडवावयास शिंद्यांची फौज गेली, तिचे आधिपत्य याच राणेखानभाईकडे होते.

या हकिगतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. प्राण वाचवणाऱ्याविषयीची कृतज्ञता एका दिवसात उत्पन्न झाली. फौज सोपवण्याइतका भरवसा मात्र वर्षानुवर्षांच्या कामगिरीनंतर आला. आपण व्यवहारात या दोहोंची गल्लत करतो. माणूस गोड बोलतो, आपल्या जातीचा, गावचा वा नात्याचा आहे, अडीअडचणीला धावून येतो, एवढ्यावरून आपण त्याच्या हाती आयुष्याची शिल्लक देतो. पुढे एकदा हात पोळले की दुसऱ्या टोकाला जाऊन सरळ माणसालाही दारातून परत पाठवतो. आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेत या विषयावर चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटले. कारण ट्रस्ट या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी विश्वास असा आहे.

कोणावरच विश्वास न ठेवण्याची किंमत

काहीजण म्हणतील, 'मग कोणावर विश्वासच ठेवू नये, म्हणजे फसवणुकीचा प्रश्नच नको.' हा उपाय दिसतो तितका स्वस्त नाही. त्याचे उदाहरण आपल्या किल्ल्यावरच आहे. शिंदे घराण्याच्या 'गंगाजळी'ची कथा लष्करातल्या मुलांनाही ठाऊक असते. किल्ल्याच्या पोटातील तळघरांत पिढ्यांचे द्रव्य साठवलेले, आणि त्याची वाट एकट्या महाराजांस ठाऊक, असे सांगतात. १८५८ पासून १८८६ पर्यंत किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता. तेव्हा ही गुप्तता जयाजीरावांनी अधिकच जपली असल्यास नवल नाही. १८८६ साली किल्ला परत मिळाला आणि त्याच वर्षी जयाजीराव निवर्तले. युवराज माधवराव त्या वेळी अवघे नऊ वर्षांचे होते. तळघरांचे रहस्य त्यांना सांगायचे राहून गेले, आणि पुढे ते द्रव्य शोधण्यास फार सायास पडले, अशी ती कथा आहे.

कथेतील दंतकथेचा भाग वजा केला तरी बोध शिल्लक राहतो. कोणालाच न सांगितलेले धन चोरापासून सुरक्षित राहते. पण ते आपल्या वारसांपासूनही सुरक्षित राहते! आजही कित्येक घरांत विम्याची पॉलिसी, बँकेतील ठेव, लॉकरची किल्ली यांची माहिती एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यात असते. त्याच्या माघारी पत्नी आणि मुले कपाटे धुंडाळत बसतात. पत्नीवर प्रेम असते, पण हिशेबाची वही तिच्या हाती देण्याइतका विश्वास नसतो, किंवा तसे करण्याचे सुचतच नाही. सारांश, विश्वास ठेवल्याने नुकसान होते तसे न ठेवल्यानेही होते. तेव्हा विश्वास ठेवावा की नाही यापेक्षा तो कशाच्या आधारावर ठेवावा, हा विचार अधिक उपयोगी आहे.

एकाच लाटेतील दोन संस्था

या दृष्टीने आपल्या ग्वाल्हेरशी निगडित असलेले दुसरे उदाहरण पाहू. १९०७ साली टाटांनी पोलादाच्या कारखान्यासाठी भांडवल उभारावयाचे ठरवले. लंडनच्या बाजाराने हात आखडता घेतला. तेव्हा कंपनीने मुंबईत भाग विक्रीस काढले, आणि तीन आठवड्यांच्या आत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी सोळा लाख पौंडांहून अधिक भांडवल भरले. पुढे खेळत्या भांडवलासाठी चार लाख पौंडांचे कर्जरोखे काढले गेले, ते सर्वच्या सर्व एकाच हिंदी गृहस्थांनी घेतले. ते गृहस्थ म्हणजे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे.

त्या काळी स्वदेशीची लाट होती, आणि या भरण्यात भावनेचा वाटा मोठा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण भावनेखाली पाया होता. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १९०४ साली मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाची माहिती टाटांस कळवली होती. पेरिन व वेल्ड या अमेरिकन तज्ज्ञांनी जागेवर जाऊन पाहणी केली होती. खनिज होते, दगडी कोळसा होता, पाणी होते, आणि जाऊन पाहू म्हणणाऱ्याला ते दिसण्यासारखे होते. १९२४ साली कंपनी डबघाईस आली तेव्हा दोराबजी टाटांनी आपली खाजगी मालमत्ता, पत्नीच्या जवाहिरासकट, इंपीरियल बँकेकडे गहाण ठेवून सुमारे एक कोटीचे कर्ज उभे केले. ज्याने लोकांकडून पैसे मागितले त्याने वेळ येताच स्वतःचेही पणाला लावले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्याच स्वदेशीच्या लाटेत, त्याच मुंबईत, १९०६ साली इंडियन स्पेशी बँक निघाली. तिच्याही पाठीशी लोकांचा तोच उत्साह होता. परंतु बँकेचा पैसा आतल्या आत चांदीच्या सट्ट्यात गुंतत गेला आणि १९१३ साली बँक बुडाली. ठेवीदारांनी कोणता मूर्खपणा केला होता? जे टाटांच्या भागधारकांनी केले तेच त्यांनी केले. आपल्या देशबांधवांवर विश्वास टाकला. फरक एवढाच की खाण पाहता येते, पण बँकेच्या पुस्तकांत काय चालले आहे हे साध्या ठेवीदारास पाहता येत नाही.

जेथे आपली नजर पोहोचत नाही तेथे आपल्या वतीने कोणी अधिकृतपणे पाहत आहे काय, हे पाहावे लागते. अशाच ठेचा खाऊन आपल्या देशात ही व्यवस्था हळूहळू उभी राहिली. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये आली, बँकांच्या नियमनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. १९६० साली पलाई सेंट्रल बँक व लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. तेव्हा त्याची मर्यादा १,५०० रुपये होती. फेब्रुवारी २०२० पासून ती एका बँकेतील एका ठेवीदारामागे, मुद्दल व व्याज धरून, ५ लाख रुपये झाली. सहकारी बँकाही या विम्याखाली येतात. पतसंस्था येत नाहीत. दोहोंच्या पाट्या पुष्कळदा सारख्याच दिसतात, म्हणून हा भेद घरातील सर्वांना ठाऊक असावा.

'आपला माणूस' हे प्रमाणपत्र नव्हे

आता अधिक नाजूक बाब. आमच्याच एका आप्तांनी काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी ठेवी गोळा करण्याचे काम पत्करले होते. कंपनी दामदुपटीचे आश्वासन देत असे. आप्त स्वतः प्रामाणिक. त्यांनी पहिली ठेव स्वतःची ठेवली, दुसरी मुलीच्या लग्नासाठी साठवलेल्या पैशांची. पहिल्या दोन वर्षांत व्याज वेळेवर मिळाले. मग गल्लीतल्या बायकांनी भिशीचे पैसे दिले, एका निवृत्त शिक्षकांनी फंडाची रक्कम दिली, आम्हीही थोडे दिले. कोणीही कंपनीची चौकशी केली नाही. सर्वांनी आप्तांचा चेहरा पाहिला. एके दिवशी कचेरीला कुलूप लागले. पैसे गेले ते गेलेच. पण त्यानंतर त्या घरातील बाई हळदीकुंकवाला जाईनाशा झाल्या, याचे दुःख आम्हांस पैशांहून अधिक आहे. त्यांना कोणी चोर म्हटले नाही. पण कोणी बोलावलेही नाही.

आमच्या आप्तांनी लबाडी केली नव्हती. त्यांना जेवढे ठाऊक होते तेवढे त्यांनी खरेच सांगितले. 'मला व्याज मिळाले' हे वाक्य खरे होते. पण ते व्याज कोठून आले हे त्यांना ठाऊक नव्हते. १९२० साली अमेरिकेतील बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या इसमाने पंचेचाळीस दिवसांत शेकडा पन्नास नफा देऊन लोकांस वेड लावले. धंदा असा काही नव्हताच. नव्या लोकांचे पैसे जुन्यांस नफा म्हणून वाटले जात होते. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार. यात पहिल्या फेरीचे लोक सुखी होतात आणि तेच मनोभावे प्रचार करतात. म्हणून अशा धंद्यात समाधानी ग्राहकाची साक्ष हा पुरावा धरता येत नाही.

बरे, नेहमी अचाट नफ्याचाच लोभ दाखवतात असेही नाही. डिसेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्क येथे बर्नार्ड मेडॉफ पकडला गेला. तो वर्षानुवर्षे बेताचा पण न चुकणारा नफा दाखवीत असे. तो शेअर बाजारातील मोठा प्रतिष्ठित मनुष्य, आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांत त्याच्याच ज्यू समाजाच्या अनेक धर्मादाय संस्था होत्या. 'हा आपला, हा आपल्या संस्थांना देणग्या देणारा. याला काय विचारायचे?' या संकोचाने ती माणसे गप्प राहिली. आपल्यासारख्या संस्थांनी हे उदाहरण विसरू नये. आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागातही २०१०-११ च्या सुमारास चिटफंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठेवी-कंपन्यांवर प्रशासनाने कारवाई केली, तेव्हा सामान्य कुटुंबांना आपली रक्कम अडकल्याचे कळले. पुढे २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा झाला. परंतु कायदा मागाहून येतो; पावती आपण आधी फाडलेली असते.

भीतीचा व्यापार

लोभाइतकेच प्रभावी दुसरे हत्यार म्हणजे भीती. एप्रिल २०२५ मध्ये ग्वाल्हेरातच उघडकीस आलेले प्रकरण वाचकांस आठवत असेल. एका प्रतिष्ठित आध्यात्मिक संस्थेच्या सचिवांना पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्यांनी फोनवरून सव्वीस दिवस 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली धाकात ठेवले आणि सुमारे २ कोटी ५२ लाख रुपये निरनिराळ्या खात्यांत भरावयास लावले. निर्लोभी, सुविद्य मनुष्यही यातून सुटत नाही, हे यावरून दिसते. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात हे स्पष्ट केले होते. पण भीतीने ग्रासलेल्या माणसाला हे त्या क्षणी सांगणार कोण? त्याला तर बजावलेले असते, 'कोणाशी बोलू नका.'

येथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. लोभाची फसवणूक घ्या किंवा भीतीची, दोहोंत दोन गोष्टी समान असतात: घाई आणि गुप्तता. 'आजच भरा, उद्या योजना बंद.' 'आत्ताच भरा, नाहीतर पोलीस येतील.' 'घरात सांगू नका, ही संधी खास आपणासाठी.' 'कोणाला सांगितलेत तर गुन्हा वाढेल.' सचोटीच्या व्यवहाराला एक दिवस थांबण्याचे आणि दुसऱ्यास विचारण्याचे भय नसते. तेव्हा जो विचारू देतो व थांबू देतो तो विश्वासाच्या वाटेवर आहे असे समजावे. जो विचारू देत नाही, तो कितीही आपला असला तरी तेथे थांबावे. आमच्या मते सर्व परीक्षांत पहिली परीक्षा हीच.

व्यवहारात काय करावे

पहिल्या परीक्षेनंतरच्या गोष्टी त्या मानाने सोप्या आहेत.

पडताळा नेहमी आपल्या वाटेने घ्यावा. बँकेतून बोलतो असे कोणी म्हणाल्यास त्याने दिलेल्या क्रमांकावर फोन करून काय उपयोग? पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर करावा, किंवा शाखेत जावे. सराफ्यात दागिना घेताना दुकानदार वडिलांच्या ओळखीचा आहे हे चांगलेच. तरी हॉलमार्कची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक पाहावा, व तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईलवरील सोयीत घालून पाहावा. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर हा क्रमांक सक्तीचा झाला आहे. सदनिका घेताना प्रकल्पाचा रेरा क्रमांक मध्यप्रदेश रेराच्या यादीत स्वतः शोधावा. खरेदीदारांच्या पैशांपैकी शेकडा सत्तर भाग वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन २०१६ च्या त्या कायद्याने घातले आहे. चांगला सराफ किंवा चांगला बांधकाम व्यावसायिक अशा तपासणीने रागावत नाही. उलट खोट्या मालापासून त्याचाही बचाव होतो.

नफा कोठून येणार हे विचारावे. समोरचा मनुष्य ते दोन वाक्यांत, आपल्याला समजेल असे सांगू शकत नसेल, तर आपणास समज कमी असे मानून गप्प बसू नये. न समजलेल्या धंद्यात पैसा न घालणे यात कमीपणा नाही.

विश्वास पायरीपायरीने वाढवावा. नवीन सुताराला आधी एक खिडकी द्यावी, मग स्वयंपाकघर. नव्या भाडेकरूशी करार लेखी करावा. आणि कोणत्याही एका ठिकाणी तेवढेच ठेवावे, जेवढे बुडाले तरी घरची चूल, मुलांचे शिक्षण व म्हातारपणाचे औषध चालू राहील. हा नियम ज्याने पाळला त्याची फसवणूक झाली तरी तो उद्ध्वस्त होत नाही.

आणि हिशेब विचारणे हा अपमान समजू नये. आमच्या इकडे हिंदीत म्हणतात, 'हिसाब जौ-जौ, बख्शीश सौ-सौ.' हिशेब जवाजवाचा घ्यावा, बक्षीस शंभराचे द्यावे. औदार्य व काटेकोरपणा यांचा विरोध नाही. ट्रस्टमध्ये धनादेशावर दोघांच्या सह्या असतात, वर्षाअखेर लेखापरीक्षण होते, मध्यप्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ खाली नोंदणी असते. कार्यकर्ते लबाड आहेत असा संशय असल्यामुळे ही तजवीज केलेली नाही. प्रामाणिक कार्यकर्त्याला उद्या कोणी बोट दाखवू नये, म्हणून ती आहे. ज्या चिटणिसाने आपणहून पावत्यांची फाईल पुढे केली, त्याच्यावरचा विश्वास त्या फाईलमुळे वाढतोच. ट्रस्टच्या ताळेबंदातही 'गंगाजळी' हा शब्द येतो. पण किल्ल्यातील गंगाजळी एकट्याला ठाऊक होती, आणि आपली गंगाजळी सर्व सभासदांस वाचता येते. या फरकातच संस्थेचे आयुष्य आहे.

फसवणूक झालीच तर

एवढे करूनही कधी फसवणूक होईल. तेव्हा 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे धोरण ठेवू नये. ठकाला सर्वांत मोठा आधार आपल्या लाजेचा असतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेला सांगावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता अधिक. आणि घरच्यांनी त्या वेळी 'आम्ही सांगितले नव्हते काय?' हा प्रश्न विचारू नये. वृद्ध आईवडिलांना जर मुलांच्या बोलण्याची भीती वाटत असेल, तर ते मुलांआधी त्या फोनवरच्या परक्यावरच विश्वास ठेवतील. घरात विचारता येणे, चूक कबूल करता येणे, हाच सर्वांत स्वस्त व खात्रीचा पहारा आहे.

आमच्या त्या आप्तांच्या घरी आम्ही गेल्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेलो. इतकी वर्षे जायला हवे होते, गेलो नव्हतो. बाईंनी दार उघडले, क्षणभर पाहत राहिल्या, मग आत बोलावले. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, 'तेव्हा कोणी एकाने जरी यांना विचारले असते, की कंपनी करते काय, तर यांनीही कंपनीला विचारले असते.' आम्हीही विचारले नव्हते. कंपनी खोटी होती हे खरेच. पण आपला माणूस दुखावेल म्हणून प्रश्न गिळणारे आम्ही सर्वजण होतो.

म्हणून सभासद बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच, की विश्वास जरूर ठेवावा. त्यावाचून घर चालत नाही आणि संस्थाही चालत नाही. मात्र तो ठेवण्यापूर्वी मोकळेपणाने विचारावे, आणि कोणी आपल्याला विचारले तर मोकळेपणाने सांगावे. महादजींनी एका भिस्त्याच्या हाती फौज दिली, ती त्याची कामगिरी वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असताना. तितकी दृष्टी आपण ठेवली, तर विश्वास पानिपतावर गेला असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.